कोण कुठल्या बाकावर बसायचं

सप्टेंबर १५३८ मधे आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने इंग्लंडमधल्या सगळ्या चर्चना एक हुकूम धाडला. आठवड्यात जी काही लग्नं, बाप्तिस्मे आणि दफनं झाली असतील ती दर रविवारी चर्चवॉर्डनच्या (म्हणजे चर्चची व्यवस्था बघणाऱ्या गावातल्या माणसाच्या) समोर एका वहीत लिहायची, वही भक्कम पेटीत ठेवायची, पेटीला दोन कुलपं, एक किल्ली पाद्रीबाबाकडे आणि दुसरी वॉर्डनकडे, आणि लिहायचं राहिलं तर ३ शिलिंग ४ पेन्स दंड, तो चर्चच्या डागडुजीला. लोकांना तेव्हा वाटलं की ही नवीन कर बसवायची तयारी चालू आहे. (कर पुढे अडीचशे वर्षांनी खरंच बसला, १७८३ मधे, प्रत्येक नोंदीमागे ३ पेन्स, आणि गरिबांना त्यातून सूट होती म्हणून त्या दहा-अकरा वर्षांत कितीतरी नावांपुढे नुसता ‘पी’ लिहिलेला दिसतो, पॉपरचा पी.) पण वह्या लिहिल्या गेल्या, आणि त्यांच्यामुळेच आज पुण्यात वाढलेली माझ्यासारखी बाई उत्तर श्रॉपशायरमधे बसून आपल्या नवऱ्याच्या आजीच्या घराण्यातली माणसं शोधू शकते, जी माणसं सगळी शेतमजूर होती, ज्यांच्याकडे जमीन नव्हती, ज्यांच्या कबरीवर दगडसुद्धा नाही.

गावाचं नाव लिहीत नाही, सासूबाईंची तशी इच्छा आहे आणि ती मला पटते. एवढं सांगते की ते श्रूसबरीच्या उत्तरेला आहे, मिडल नावाच्या गावापासून लांब नाही, आणि मिडलचं नाव मात्र पुढे पुष्कळदा येणार आहे.

मी हे सगळं का सुरू केलं? मुलीमुळे. माझ्या माहेरचा छापील कुलवृत्तांत आहे, जाडजूड, वंशवेलींचे घडी घातलेले तक्ते असलेला, ते बघून तिने विचारलं की बाबाकडचं असं पुस्तक कुठंय. बाबाकडे आजीच्या पलीकडे काहीच नव्हतं. आजीची आई कोण, कुठली, घरात कोणी बोलायचं नाही. आणि खरं सांगायचं तर माझ्या माहेरच्या पुस्तकातपण मला जे हवं होतं ते नव्हतंच. चौदा पिढ्यांचे पुरुष आहेत, कोण कुठे नोकरीला होता, कोणाला इनाम मिळालं सगळं आहे, पण पणजीच्या माहेरचं नाव शोधायला गेलं तर सासरी ठेवलेलं नाव आणि ‘अपत्ये सात’ एवढंच. तेव्हा मी दोन्हीकडच्या बायकांबद्दल जरा हट्टानेच शोधायला लागले. माहेरचं काम अजून बाकी आहे, ते वेगळं लिहीन कधीतरी.

इथली सुरुवात सगळे करतात तशीच केली. १ जुलै १८३७ पासून इंग्लंड आणि वेल्समधे सरकारी जन्म-लग्न-मृत्यूनोंदणी सुरू झाली, त्याचे दाखले मागवता येतात. दर दहा वर्षांचा सेन्सस आहे, १८४१ पासून त्याच्यात घरोघरची नावं मिळतात, १९२१ चा जानेवारी २०२२ मधे खुला झाला, १९३१ चा डिसेंबर १९४२ मधे आगीत जळाला. १८४१ मधे पंधरा वर्षांवरच्या माणसांचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायचं असा नियम होता त्यामुळे चोवीस वर्षांचा माणूस वीसचा दिसतो, हे माहीत नसलं तर पुढचं सगळं गणित चुकतं. आणि आमच्या माणसांपुढे धंद्याच्या रकान्यात दर वेळी तेच, ॲग लॅब, ॲग लॅब, ॲग लॅब. ॲग्रिकल्चरल लेबरर एवढं पूर्ण लिहायचीही मोजणीदाराला सवड नव्हती कारण अख्खं गावच ते होतं.

आता नवऱ्याच्या आजीचा जन्मदाखला. साल १९०९. वडिलांचा रकाना कोरा. आईचा धंदा डोमेस्टिक सर्व्हंट. आणि जन्मठिकाण म्हणून रस्त्याचं नाव आणि घर नंबर, अगदी साधा पत्ता. सासूबाई म्हणाल्या, हे बहुतेक कोणा नातेवाइकाचं घर असणार. मी जुन्या नकाशावर तो रस्ता शोधला तर तिथे घरं नव्हतीच, एक लांबलचक इमारत होती, मधे अंगण, आणि त्यावर छापलेलं होतं वर्कहाउस, म्हणजे निराधार गरिबांना ठेवून त्यांच्याकडून काम करून घ्यायची जागा.

नंतर कळलं की हे मुद्दाम केलेलं असायचं. १९०४ पासून रजिस्ट्रार जनरलच्या कार्यालयाने सांगितलं होतं की वर्कहाउसमधे जन्मलेल्या मुलाच्या दाखल्यावर वर्कहाउस असा शब्द घालू नका, नुसता पत्ता घाला, म्हणजे त्या मुलाला मोठेपणी नोकरीला-लग्नाला तो कागद दाखवताना मान खाली घालावी लागणार नाही. कोणीतरी एका कारकुनी परिपत्रकात एवढी माया दाखवली होती, आणि ती पुरली पण, शंभर वर्षांहून जास्त. मग १९११ च्या सेन्ससमधे त्याच संस्थेच्या यादीत एक वर्षाची मुलगी आणि तिची वीस-एकवीस वर्षांची आई दोघी सापडल्या, नात्याच्या रकान्यात दोघींपुढे इनमेट, म्हणजे संस्थेत ठेवलेली.

हे सासूबाईंना सांगायचं की नाही यावर मी आणि नवरा बरेच दिवस बोलत होतो. त्यांची ऐंशी उलटली आहे. त्यांनी स्वतःच एके दिवशी विचारलं, काय झालं त्या पत्त्याचं, मग मी नकाशा त्यांच्यापुढे ठेवला. त्या खूप वेळ बघत बसल्या आणि मग म्हणाल्या, म्हणजे म्हणून आई त्या हॉस्पिटलात जायला तयार नव्हती. गोष्ट अशी की आजी शेवटच्या आजारात होत्या तेव्हा डॉक्टरांनी जवळच्या हॉस्पिटलात हलवा सांगितलं आणि त्यांनी कॉटचा दांडा धरून ठेवला, रडल्या, पण तिथे जायला तयार झाल्या नाहीत. घरच्यांना वाटलं वयामुळे हट्टीपणा आलाय. ते हॉस्पिटल त्याच इमारतीत होतं. १९३० मधे वर्कहाउसं चालवणारी मंडळं बंद झाली, १९४८ मधे एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा आली आणि देशभर अशा कित्येक इमारती रातोरात हॉस्पिटलं झाली, पाटी बदलली, भिंती त्याच. तिथे जन्मलेल्या किंवा तिथे आजोबा मेलेले बघितलेल्या पिढीला त्या दारातून परत आत जायचं म्हणजे काय वाटत असेल याचा विचार पाटी बदलणाऱ्यांनी केला असेल असं मला वाटत नाही. सासूबाईंच्या मनात आईबद्दल चाळीस वर्षं एक राग होता, त्यांनी मला तो बोलून दाखवला तेव्हाच तो होता हे मला कळलं.

मग मी मागे जायचं ठरवलं, त्या मोलकरीण मुलीच्या आईकडून, तिच्या आईकडून, जिथपर्यंत जाता येईल तिथपर्यंत.

इथे पॅरिश म्हणजे काय ते नीट सांगायला हवं. ती चर्चची हद्द आणि गावकारभाराचीही हद्द. रस्ते दुरुस्त करायचे पॅरिशने, कॉन्स्टेबल नेमायचा पॅरिशने, आणि १६०१ च्या कायद्यापासून गावातल्या गरिबांना पोसायचं तेही पॅरिशनेच, घर-जमीन असणाऱ्यांकडून पट्टी गोळा करून. हे काम करायला दरवर्षी गावातलेच ओव्हरसियर नेमायचे, शेतकरी, चांभार, कोणीही, बिनपगारी, आणि त्यांनी वर्षअखेर पै न् पैचा हिशोब द्यायचा. म्हणून त्या चर्चच्या पेटीत जन्ममृत्यूच्या वह्यांच्या बरोबर हिशोबाच्या वह्या असतात. आता त्या पेटीत काही नसतं, १९७८ च्या चर्चच्या नियमानुसार शंभर वर्षांपेक्षा जुन्या नोंदवह्या बहुतेक सगळ्या काउंटी रेकॉर्ड ऑफिसात गेल्या. आमच्या श्रूसबरीत कासल गेट्सवर श्रॉपशायर आर्काइव्ह्ज आहे, पेन बाहेर ठेवायचं, पेन्सिल चालते, वही फोमच्या उशीवर उघडायची आणि पान उलटताना कोपरा धरायचा नाही.

लग्नाच्या वह्या आधी बघितल्या. १७५४ मधे हार्डविकचा कायदा लागू झाल्यापासून नवरानवरीने सही करायची, येत नसेल तर फुली. आमच्या सगळ्या फुल्या. पण फुल्यापण वेगवेगळ्या असतात, एक थरथरती, एक दोन रेघा जेमतेम एकमेकींना भेटणारी, आणि एका नवरीची तर इतकी ठळक की शाई पानाच्या मागे उमटलीये. माझ्या आजीचं लग्न तेराव्या वर्षी झालेलं, तेव्हा जुन्या काळातल्या इथल्या नवऱ्या पण लहानच असणार असं मनात होतं, पण बाप्तिस्म्याची तारीख आणि लग्नाची तारीख जुळवली की दर वेळी चोवीस, सव्वीस, सत्तावीस. हे आमच्या गावापुरतं नव्हतं. केंब्रिजच्या संशोधकांनी १९६४ पासून एक मोठं काम हातात घेतलं होतं, देशभरातल्या हौशी लोकांनी आपापल्या गावच्या वह्यांमधल्या नोंदी महिन्यामहिन्याने मोजून पाठवल्या, ४०४ पॅरिश, आणि त्यावरून इंग्लंडची तीनशे वर्षांची लोकसंख्या मांडली गेली. त्या सगळ्या अभ्यासातून दिसलं ते हेच, की साधी माणसं विशीच्या मध्यापर्यंत किंवा त्याच्याही पुढे लग्नाला थांबायची. का, तर मुलं-मुली बारा-तेराव्या वर्षी घर सोडून दुसऱ्याच्या शेतावर गडी-मोलकरीण म्हणून राहायला जायची, दहा-बारा वर्षं पैसे साठवायची, मग संसार. लग्न झालं की वेगळी चूल. सासू-सुनेने एका घरात नांदायची वेळ कमीच यायची.

बाप्तिस्म्याच्या वहीत एक गोष्ट फार जीवाला लागते. एकाच जोडप्याच्या मुलांमधे तेच नाव दोनदा येतं, मेरी, दोन वर्षांनी परत मेरी. दफनाची वही उघडायची गरजच नसते, पहिली गेली हे कळतंच. आमच्याकडे एका बाईने तीनदा तेच नाव ठेवलंय आणि तिसरी जगली. सगळं नातं पुढे तिच्यापासून आलंय, म्हणजे नवरा तिच्यामुळे आणि माझी मुलगीपण तिच्यामुळे.

पण वह्यांमधून मिळतं ते एवढंच, नाव आणि तारीख. माणूस मिळत नाही. ऑनलाइन साइटवर लोकांची मोठमोठी झाडं असतात, दोन-दोन हजार नावं, एकमेकांच्या झाडावरून उचललेली, आणि मला ती बघून दरवेळी रितं वाटतं. मला माणूस सापडला तो ओव्हरसियरच्या हिशोबात.

१७४० च्या दशकातली वही. आमच्या त्या तिसऱ्या मुलीची पणजी, विधवा. तिचं नाव पहिल्यांदा येतं ते आठवड्याला १ शिलिंग असं, महिनोनमहिने. मग मधेच बुटांचा जोड. मग शर्टासाठी कापड. मग सूत कातायला हेम्प, या भागात प्रत्येक झोपडीच्या मागे तागासारख्या हेम्पची एक पट्टी असायची आणि बायका त्याचं कापड करायच्या. एका हिवाळ्यात ती आजारी असताना तिच्याकडे बघायला दुसऱ्या विधवेला पैसे दिलेत, आणि ती दुसरी विधवापण त्याच वहीत पोसली जाणारी. म्हणजे ओव्हरसियरने डोकं लावलं, एकीची शुश्रूषा आणि दुसरीची मजुरी एकाच खर्चात. पुढे जळणासाठी टर्फचे पैसे, पुढे घराच्या छपराला गवत. शेवटी एका मार्चमधे अंगावर पांघरायचं लोकरी कापड, पेटी, घंटा वाजवणाऱ्याचे, आणि मयताला जमलेल्यांसाठी एल, म्हणजे बिअर. लोकरी कापड का, तर लोकरीचा धंदा टिकावा म्हणून मढं लोकरीतच पुरायचं असा १६६० आणि ७० च्या दशकांतला कायदा होता, न पाळल्यास ५ पौंड दंड. कायदा कशासाठीही केलेला असो, तिला शेवटी एक उबदार कापड मिळालं.

ही बाई जर थोडी बऱ्या परिस्थितीतली असती, दोन गाई आणि स्वतःचं घर असतं, तर मला तिच्याबद्दल काहीही कळलं नसतं. तिच्यावर कोणाचा तरी पैसा खर्च होत होता म्हणून तिचे बूट लिहिले गेले. हे मला अजून पचत नाही पण जे दिसतं ते असं आहे. आणि हा पैसा मायेने दिला जात होता असंही समजायचं कारण नाही. १६९७ च्या कायद्याने मदत घेणाऱ्या प्रत्येकाने उजव्या खांद्यावर लाल किंवा निळ्या कापडाचा पी आणि गावाचं पहिलं अक्षर लावायचं होतं, बायकोने आणि मुलांनीसुद्धा. कुठे काटेकोर पाळलं, कुठे नाही. पण कायदा एकशेबारा-तेरा वर्षं पुस्तकात होता. ही बाई रविवारी चर्चला जाताना तो पी लावून जायची का याचं उत्तर माझ्याकडे असतं तर मी तिला अजून नीट ओळखलं असतं.

दुसरा कागद सेटलमेंटचा. १६६२ च्या कायद्याने प्रत्येक माणूस कुठल्यातरी एका पॅरिशचा असलाच पाहिजे, आणि तो दुसरीकडे जाऊन गरीब पडला तर तिथले लोक त्याला त्याच्या पॅरिशला परत धाडू शकत. कोण कुठला हे ठरवायला दोन मॅजिस्ट्रेटसमोर त्याची जबानी व्हायची. जन्म कुठे, वडील कोण, कुठे कुठे चाकरी केली, किती पगारावर, वर्ष पूर्ण केलं की नाही. वर्षभर चाकरी केली की त्या गावचा हक्क मिळायचा, म्हणून पुष्कळ शेतकरी गड्याला एक्कावन्न आठवड्यांसाठीच ठेवायचे. आमच्या घराण्यातल्या एका माणसाची अशी जबानी सापडली, अर्ध्या पानाची, खाली फुली. त्या अर्ध्या पानात त्याचं आयुष्य आहे, चार गावं, पाच मालक, आणि एका ठिकाणी तर वर्ष भरायला थोडे दिवस राहिले असताना मालकाने सोडायला लावलं असं तो स्वतः सांगतो. अडीचशे वर्षांपूर्वीचा निरक्षर शेतगडी बोलतोय आणि कारकून लिहून घेतोय. राजेरजवाड्यांच्या बखरी पुष्कळ आहेत, याची अशी एकच आणि तीही त्याला गावाबाहेर काढायच्या निमित्ताने.

पोटुशी अविवाहित मुलगी असेल तर घाई असायची, कारण मूल जिथे जन्मेल त्या पॅरिशच्या गळ्यात पडेल. दिवस भरत आलेल्या मुलींना गाडीत घालून हद्दीपार नेल्याच्या नोंदी इंग्लंडभर सापडतात. म्हणून १९०९ च्या त्या मोलकरणीकडे मी परत वळून बघते तेव्हा ती एकटी वाटत नाही, तिच्या आधी दोनशे वर्षं तशाच मुली त्याच रस्त्यांवरून गेलेल्या आहेत.

आता मिडल. तिथल्या न्यूटन-ऑन-द-हिलमधे रिचर्ड गॉफ नावाचा एक शेतकरी राहायचा, जन्म १६३५ चा, मृत्यू १७२३ चा. साठी उलटल्यावर, १७०१ च्या सुमाराला, त्याने आपल्या पॅरिशचा इतिहास लिहायला घेतला आणि तो कसा लिहावा याची त्याने जी युक्ती काढली तशी मी दुसरीकडे कुठे बघितली नाही. त्याने चर्चमधल्या बाकांचा नकाशा काढला. तेव्हा प्रत्येक बाक ठरलेल्या घराचा असायचा, पुढे जमीनदार, मधे शेतकरी, मागे-कडेला झोपडीवाले, घर विकलं की बाकावरची जागाही त्याच्याबरोबर जायची. गॉफ एकेका बाकापाशी थांबतो आणि या बाकावर कोण बसतं, त्यांचे आईवडील कोण, कोणी कोणाशी लग्न केलं, कोण दारूत बुडालं, कोण कर्जात, कोणाची मुलगी कोणाबरोबर पळाली, सगळं सांगतो. एका दारुड्या जोडप्याबद्दल तो लिहितो की ती दोघं रोज गुत्त्यावर जायची आणि थोड्याच काळात त्यांच्या गाईपण तिकडेच गेल्या. आणि राजा विरुद्ध पार्लमेंट अशा झालेल्या यादवी युद्धाबद्दल लिहितो की मिडल, मार्टन आणि न्यूटन या तीन वस्त्यांमधून वीस माणसं राजाच्या बाजूने लढायला गेली आणि त्यातली तेरा मेली. तो तेव्हा लहान मुलगा होता, त्याने ती माणसं जाताना बघितली असणार. ही तेरा माणसं म्हणजे गावातले गरीब, कोणी शिंपी, कोणी बिनघराचा. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला ती वेगवेगळी आठवत होती म्हणून ती उरली. ते हस्तलिखित छापायला १८३४ उजाडलं.

गॉफ वाचल्यावर मला कळलं की आपल्याला झाड नकोच आहे. झाडात एकच आडनाव वर वर जात राहतं आणि शेजारी दिसत नाही. गाव तसं नसतं. विधवेला बूट शिवून देणारा चांभार, वर्ष भरू न देणारा शेतकरी, तिची शुश्रूषा करणारी दुसरी विधवा, ही माणसं आमच्या रक्ताची नाहीत, पण तिचं आयुष्य ज्यांनी बनवलं ती हीच. तेव्हापासून मी माझी वही आडनावाने लावायची बंद केली आणि घराने लावायला घेतली. यात टाइद मॅपचा फार उपयोग होतो. १८३६ च्या कायद्याने चर्चला धान्यात द्यायचा दशमांश पैशात बदलला, त्यासाठी गावोगावची मोजणी झाली, प्रत्येक शेताचा नंबर, मालक, कसणारा, पीक, क्षेत्रफळ आणि शेताचं नाव. बाबांनी गावच्या सातबाऱ्यावर जेवढा जीव लावला असेल तेवढा मी या नकाशावर लावलाय. हेम्प यार्ड, मार्ल पिट फील्ड, अशी नावं, आणि त्यातल्या काही बांधांवरून आजही पायवाट जाते, त्यामुळे हातात प्रिंट घेऊन चालता येतं. तीन झोपड्यांची जागा मला अशी चालतच सापडली, आता तिथे नुसती खाजकुयलीसारखी नेटलची झुडपं आहेत. राखेने आणि शेणखताने जमीन कसदार झाली की नेटल तिथे हटत नाही, म्हणून जुन्या वस्तीची ती ओळखीची खूण.

पुण्याचा धागा इतक्या लांब मिळेल असं वाटलं नव्हतं. जवळच हॉडनेट म्हणून गाव आहे, अष्टकोनी बुरुजाचं चर्च. तिथला रेक्टर, म्हणजे पाद्री, होता रेजिनाल्ड हेबर, १८०७ पासून. तो १८२३ मधे कलकत्त्याचा बिशप म्हणून गेला आणि १८२५ मधे त्याने पुण्यात कॅम्पातल्या सेंट मेरीज चर्चचं अर्पणविधी केलं, पुढच्याच वर्षी त्रिचनापल्लीला वारला. त्या चर्चवरून मी लहानपणी किती वेळा गेले असेन. मुंबई इलाख्यातल्या गोऱ्यांच्या बाप्तिस्मे-लग्न-दफनांच्या नकला लंडनला जायच्या, त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत, म्हणजे कॅम्पात तापाने मेलेला श्रॉपशायरचा शिपाई शोधायला पुण्याला जावं लागत नाही. आणि हॉडनेटजवळच मॉर्टन से, जिथे रॉबर्ट क्लाइव्हला पुरलंय, नेमकं कुठे ते दाखवणारा दगड नाही. त्याच्या कबरीवर दगड नाही आणि आमच्या विधवेच्याही नाही, पण त्याच्याबद्दल कपाटंच्या कपाटं भरून कागद आहेत. मी माझा वेळ तिला देणार.

सध्या चाललंय ते असं. आमच्या पॅरिशच्या चर्चमधले मागचे बाक मागे कधीतरी काढले, तिथे आता छोटं किचन आणि टॉयलेट आहे. पण १९५० च्या दशकात त्या बाकांवर कोण बसायचं हे आठवणारी माणसं गावात अजून आहेत, थोडी आहेत आणि म्हातारी आहेत. म्हणून मी गॉफसारखा एक कागद केला, बाकांच्या रिकाम्या चौकटी, आणि चर्चवॉर्डनांना विचारून कॉफी मॉर्निंगला तो टेबलावर पसरला. पहिल्यांदा कोणी काही बोलेना. मग एक आजोबा म्हणाले की पुढून दुसरा डावीकडचा मिलवाल्यांचा, आणि मग थांबायलाच तयार नाहीत लोक. कोणाच्या टोपीवर खरं पीस होतं, कोण प्रवचनात घोरायचं, कोणाच्या बाकावर युद्धानंतर कधीच कोणी बसलं नाही. काही गोष्टी माणसं मला बाजूला घेऊन सांगतात आणि लिहू नकोस म्हणतात. त्या मी लिहीत नाही. जिवंत माणसांच्या बाबतीत गॉफसारखं वागता येत नाही, तो आपल्या शेजाऱ्यांबद्दल जे लिहून गेला ते त्याच्या हयातीत छापलं असतं तर त्याला गावात राहणं अवघड झालं असतं.

मागच्या वेळी सासूबाईंना घेऊन गेले. आईबद्दल आता त्या चारचौघांत बोलतात, वर्कहाउस हा शब्द त्यांनी स्वतःच पहिल्यांदा तिथे उच्चारला, आणि तो ऐकून शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या की आमच्यापण आजी तिथल्याच. सासूबाईंनी दाराजवळचा शेवटचा बाक दाखवला, आई कायम तिथे बसायची, प्रवचन लांबलं तर पटकन निघता यावं म्हणून. त्या दुसऱ्या बाईंनी लगेच मान हलवली. नाही, शेवटून तिसरा, खिडकीखालचा, मला पक्कं आठवतंय, कारण माझी आई तिच्याशेजारी बसायची आणि दोघी हिम्न-बुक, प्रार्थनागीतांचं पुस्तक, एकच घ्यायच्या. सासूबाई म्हणाल्या, माझी आई आहे, मला माहीत नसेल का. त्या म्हणाल्या, तू तेव्हा संडे स्कूलला असायचीस. मी दोन्ही चौकटींत आजींचं नाव लिहिलं, दुसऱ्या चौकटीत त्या बाईंच्या आईचंही, आणि हिम्न-बुकाचं समासात.